चाचणीतील गर्भवती : एक मागोवा

गरोदरपणातील मळमळीवर सर्रास दिले गेलेले थॅलिडोमाइड हे औषध १९६१च्या नोव्हेंबरात पश्चिम जर्मनीच्या बाजारातून मागे घेतले गेले. परंतु त्यापायी जगभर दहा हजारांवर अर्भके व्यंगासह जन्मली, आणि त्या आघातानंतर वैद्यकशास्त्राने गर्भवतीविषयी पत्करलेले धोरण तिला चाचण्यांपासून दूर ठेवण्याचेच राहिले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली, केवळ गर्भधारणेचा संभव आहे एवढ्याच कारणास्तव, स्त्रियांना औषधांच्या प्रारंभिक चाचण्यांतून वगळण्याचा दंडक घातला. तो १९९३मध्ये मागे घेण्यात आला. हेतू रक्षणाचा होता, हे निर्विवाद. तथापि चाचणीबाहेर ठेवलेल्या स्त्रीच्या कोरड्या ओकाऱ्या थांबत नाहीत, की तिची कंबर दुखायची राहत नाही. गोळ्यांची धास्ती घेतलेली ती सासूच्या अथवा शेजारणीच्या सांगण्यावरून सुंठ, मर्दन, सूचिवेध अशा उपायांकडे वळते, आणि त्या उपायांची पारख बहुधा कोणी केलेली नसते.

ती पारख करण्याचा एक लक्षणीय प्रयत्न बेलफास्ट येथे झाला. भूलतज्ज्ञ जॉन डंडी व त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मनगटाच्या आतील बिंदूवर दाब देणाऱ्या ११९ जणींपैकी २३, कोपराजवळ दाब देणाऱ्या ११२ पैकी ४१ आणि काहीच न करणाऱ्या ११९ पैकी ६७ गर्भवतींना मळमळीचा विशेष त्रास राहिला. स्त्रियांकडून मागणी माफक होती: ठरलेल्या ठिकाणी दाबायचे आणि लागोपाठ चार दिवस नोंद ठेवायची. पुढे ऑस्ट्रेलियात अडलेड येथे कॅरोलिन स्मिथ यांनी ५९३ स्त्रियांवर केलेली सूचिवेधाची चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात चौदा आठवड्यांच्या आतील गर्भवतींना चार आठवडे, दर आठवड्यास, उपचारासाठी येणे भाग होते. ज्या दिवसांत अन्नाचा वासही सोसवत नाही, नेमक्या त्याच दिवसांत घराबाहेर पडून हजेरी लावायची, हे ओझे केवढे आहे याची कल्पना संशोधकाच्या दप्तरातील कोष्टकावरून येत नाही.

या इतिहासातील मला सर्वाधिक बोधप्रद वाटलेले प्रकरण मात्र पायाळू मुलांचे आहे. चिनी वैद्यकात अशा गर्भास वळविण्यासाठी, दवण्याच्या जातकुळीतील एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांची गुंडाळी पेटवून, तिची धग पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरील कोपऱ्यापाशी धरतात. एका बैठकीस सुमारे अर्धा तास लागतो आणि वाढलेल्या पोटामुळे हे काम बहुधा नवऱ्यास अथवा घरातील दुसऱ्या कोणास करावे लागते. चीनच्या जिआंगशी प्रांतात प्रथमच गरोदर असलेल्या २६० स्त्रियांवर फ्रान्चेस्को कार्दीनी यांनी केलेल्या चाचणीचा वृत्तान्त १९९८ साली आला: पस्तिसाव्या आठवड्यातील तपासणीत, धग घेतलेल्या १३० जणींपैकी ९८ जणींचे, तर न घेतलेल्या १३० पैकी ६२ जणींचे मूल डोक्याकडून खाली वळलेले आढळले. कार्दीनी यांनी तोच उपाय इटलीतील सहा प्रसूतिविभागांत नेला, तेव्हा चाचणी १२३ स्त्रियांपाशी थांबवावी लागली, कारण अनेकजणी उपचार मध्येच सोडीत होत्या. कोणाला त्या धुराचा वास सहन होईना, कोणाचा घसा धरला, कोणाच्या पोटात कळा आल्या. तोवरचे आकडे धग घेतलेल्या ६५ पैकी २२ आणि न घेतलेल्या ५८ पैकी २१ असे होते, आणि २००५च्या अहवालात संशोधकांनी, या चाचणीने उपाय गुणकारी ठरत नाही आणि निरुपयोगीही ठरत नाही, अशी प्रांजळ कबुली दिली. अशा सोडून गेलेल्या स्त्रियांची गणना ‘गळती’ या सदरात होते. माझ्या मते ती त्यांनी दिलेली साक्ष आहे. जो उपाय घरात आठ दिवस करवत नाही, त्याच्या गुणाची चर्चा त्या घरापुरती संपलेली असते.

याच धगीच्या, जिनिव्हात २१२ स्त्रियांवर झालेल्या २००९च्या चाचणीत दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. उलट स्पेनमध्ये प्राथमिक आरोग्यसेवेतून ४०६ स्त्रियांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत करंगळीपाशी धग घेतलेल्यांपैकी ५८.१ टक्के आणि केवळ नेहमीची देखभाल मिळालेल्यांपैकी ४४.८ टक्के स्त्रियांचे मूल वळले.

आपल्याकडील अडचण निराळी आहे. बंगळूरच्या एका प्रसूतिगृहातील योगाभ्यासाच्या २००५ सालच्या अभ्यासात ३३५ गर्भवती होत्या, परंतु त्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. त्यामुळे जी आपण होऊन योगास आली तिची प्रकृती मुळातच निराळी होती की काय, हा प्रश्न उरतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून २००६ ते २०१२ या काळात झालेला पालेभाज्या, फळे व दूध यांच्या खाऊचा प्रयोग पूरक चिकित्सेचा नव्हे, अन्नाचा. पण स्त्रियांना चाचणीत टिकवून ठेवण्याची कसोटी त्यात अधिक स्पष्ट दिसते. ६,५१३ स्त्रियांची नोंदणी गर्भधारणेपूर्वीच झाली, आणि पुढे जिवंत जन्मलेल्या १,९६२ एकेरी अर्भकांपैकी १,३६० अर्भकांचीच मोजमापे हाती आली, कारण अनेकजणी बाळंतपणासाठी मुंबईबाहेर आपल्या गावी गेल्या होत्या. पहिलटकरणीने माहेरी जावे हा आपला रिवाज आहे, आणि तो चाचणीच्या सोयीसाठी मोडू नये असे मला मनापासून वाटते. म्हणून आपल्याकडे चाचणीचा मसुदा करणाऱ्याने पहिल्याच भेटीत तिला विचारावे, की माहेर कोणत्या गावी, कितव्या महिन्यात जाणार, सोबत कोण येणार, आणि त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात बाळाचे वजन घेण्याची तजवीज काय आहे.