सहाशे फुटांची चौकशी

औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, रविवारी सकाळी बीड बायपास ओलांडून सातारा-देवळाईकडे वळलं की पाट्यांची रांग लागते. ‘एनए ४४’, ‘टायटल क्लिअर’, ‘बँक लोन उपलब्ध’, ‘आजच ताबा’. पाट्यांखाली मोटारसायकली उभ्या. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर मूल, हँडलला डब्याची पिशवी, कारण एका दिवसात चार साइट उरकायच्या असतात. दुपारी ऊन चढलं की एजंटच्या शेडमध्ये सगळी एकाच कूलरसमोर बसलेली दिसतात आणि आपसांत भाव ताडून पाहतात.

माझा मावसभाऊ वाळूजच्या एका कारखान्यात आहे, वहिनी गारखेड्याजवळच्या शाळेत शिकवते. इतकी वर्षं बजाजनगरला भाड्याने काढली. आता घर घ्यायचं म्हणून दोघं निघाली आणि ‘ताई, तूही चल’ म्हणून मला बरोबर घेतलं. त्यांच्यासमोर दोन रस्ते होते: देवळाईत बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतला टू बीएचके फ्लॅट, नाहीतर पडेगाव-मिटमिट्याच्या बाजूला वीस बाय तीसचा, म्हणजे सहाशे चौरस फुटांचा प्लॉट. तिथल्या रीतसर लेआउटमधला फुटाचा भाव आणि गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटचा, भाव यांत जवळजवळ निमपट फरक सांगितला. वहिनीने सरळ विचारलं, ‘दादा, माती तर एकच. मग इतका फरक कशाचा?’

एजंट जुना होता. त्याने वहीचं पान उलटं करून हिशेब मांडला. एकर म्हणजे चाळीस गुंठे, ४३,५६० चौरस फूट. रीतसर लेआउट करायचा तर दहा टक्के मोकळी जागा सोडायची, नऊ मीटरचे रस्ते काढायचे, नाली, विजेचे खांब स्वतः करून द्यायचे, नगररचना विभागाची मंजुरी आणायची आणि तोवर गुंतलेल्या पैशाचं व्याज सोसायचं. एवढं करून त्याच्या अंदाजाने साठ-पासष्ट टक्के जमीन विकायला उरते. गुंठेवारीत पंधरा फुटांची गल्ली काढली, चुन्याच्या रेघा मारल्या की झालं. बाग नाही, मैदान नाही. पंच्याऐंशी टक्के जमीन विकता येते, तीही महिन्याच्या हप्त्याने. ‘बँक विचारत नाही, आम्ही विचारत नाही,’ असं म्हणून त्याने वही मिटली.

या हिशेबात फसवणूक फारशी नाही. रस्ता, नाली आणि बागेचे पैसे विकणाऱ्याने किमतीतून वगळले, एवढंच. ते पुढे कोणाला तरी भरावेच लागतात. गुंठेवारीतला माणूस ते टँकरच्या रूपाने भरतो, पावसाळ्यात चिखलातून गाडी ढकलताना भरतो आणि शेवटी नियमितीकरणाच्या चलनावर भरतो.

शहर नेहमी असंच वाढत नव्हतं. १९७० मध्ये सिडको ही सरकारी नगरविकास संस्था स्थापन झाली आणि त्याच दशकात तिने इथे ‘नवीन औरंगाबाद’ आखायला घेतलं. जमीन आधी संपादित केली, मग रस्ते, पाणी, शाळा, बाजार आणि शेवटी घरं. एन-१ पासूनचे सेक्टर आजही पत्त्यात तसेच सांगतात. अल्प उत्पन्न गटाच्या छोट्या रो-हाऊससमोरही झाड लावण्याइतकी जागा होती. मालकी मात्र भाडेपट्ट्याची, त्यामुळे घर विकताना सिडकोचं ना-हरकत पत्र आणि हस्तांतर शुल्क लागत आलं, आणि त्याबद्दलची कुरकुर पिढ्यान् पिढ्या चालत आली. १ एप्रिल २००६ ला ही वसाहत महापालिकेकडे गेली. पुढे शहराभोवतीच्या झालर क्षेत्रातल्या गावांसाठीही आराखडा झाला, पण जमीन आधी हातात घेऊन मग घरं बांधायची पद्धत तिथे आली नाही. २००१ मध्ये ८ लाख ७३ हजार असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर गेली. वाळूज, शेंद्रा, आता बिडकीन, कारखाने येत राहिले. कारखान्यासाठी औद्योगिक वसाहत तयार असते. कामगाराने राहायचं कुठे, हे मात्र शेताच्या बांधावर ठरतं. मला विचाराल तर इथे टंचाई घरांची नाही, घर बांधण्याजोग्या तयार जमिनीची आहे.

ती पोकळी गुंठ्यांनी भरली आणि कायदा मागून आला. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटना नियमित होण्याची वाट दिली. २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. दरम्यान १२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून मंजूर लेआउटशिवाय एक-दोन गुंठ्यांची खरेदीखतं नोंदवणं थांबवलं, आणि ५ मे २०२२ ला उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठाने ते रद्द केलं. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी निवासी भागातल्या तुकड्यांसाठी १ जानेवारी २०२५ ही नवी तारीख सांगितली. एजंटला या सगळ्या तारखा तोंडपाठ होत्या. ‘तारीख पुढं जातेच, ताई,’ तो म्हणाला. त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा होता, आणि ते खोटं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता आलं नाही.

मावसभाऊ प्लॉटकडे झुकला होता. फ्लॅटमध्ये ‘पायाखाली आपली माती नाही’, हे त्याचं म्हणणं. म्हणून आम्ही रीतसर लेआउटमधल्या एका प्लॉटचे कागद घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो. या सगळ्या खटाटोपात मला खरं काम दिसलं ते त्यांच्या टेबलावर.

सर्च म्हणजे तीस वर्षांचा शोध, हे सगळे सांगतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गट नंबर घालून एकेका वर्षाची सूची क्रमांक दोन काढायची, कोणी कोणाला विकलं, गहाण टाकलं, बक्षीस दिलं ते साखळीने जुळवायचं. साखळीत एक कडी जरी गळाली तरी वकीलसाहेब पेन्सिलने गोल करतात. मग सातबारा. सामान्य माणूस त्यावर मालकाचं नाव वाचतो. त्यांची नजर आधी ‘इतर हक्क’ या रकान्यावर गेली. तिथे सोसायटीचा बोजा असतो, बहिणींची वारसनोंद असते, विहिरीतला हिस्सा असतो. प्रत्येक नोंदीशेजारी फेरफाराचा नंबर असतो, आणि तो फेरफार काढून वाचल्याशिवाय ते पुढच्या ओळीवर जात नाहीत. आमच्या गटात एका फेरफारात चार भाऊ आणि दोन बहिणी होत्या. पुढच्या फेरफारात फक्त चार भाऊ उरले होते. ‘बहिणींनी हक्कसोड दिली असेल तर नोंदवलेला कागद दाखवा म्हणावं,’ ते म्हणाले आणि पान बाजूला ठेवलं.

पण मराठवाड्यात तीस वर्षांवर भागत नाही. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि जमिनीचे कायदेही तिकडचेच. जमीन कधीकाळी कुळाची असेल तर १९५० चा हैदराबाद कूळ कायदा लागतो. कलम ३८-ई खाली कुळाला मिळालेली जमीन असेल तर विकताना ५०-ब ची परवानगी होती का, ते पाहावं लागतं. इनाम असेल तर कोणतं? मदतमाश म्हणजे उपजीविकेसाठी दिलेलं, खिदमतमाश म्हणजे देवळा-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेलं. दुसऱ्या प्रकारची जमीन विकणाऱ्याला ती विकण्याचा अधिकारच नसतो. म्हणून वकीलसाहेब १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची नक्कल मागतात. त्याआधीचे कागद उर्दूत असतात. ते वाचून मराठीत उतरवून देणारे एक निवृत्त गृहस्थ त्यांच्या ओळखीचे आहेत. भिंग घेऊन बसतात आणि एकेक शिक्का वाचून सांगतात. शिवाय वक्फची यादीही पाहावी लागते. राज्य वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय इथेच पाणचक्कीला असल्यामुळे हेलपाटा तेवढा कमी होतो.

मी विचारलं, ‘एवढं सगळे पाहतात?’

‘बँकेचं कर्ज असेल तर पाहावंच लागतं. बाँडवर घेणारा काय पाहणार? तो माणूस पाहतो.’

बाँडवर घेणं म्हणजे शंभराच्या, आता पाचशेच्या, स्टँपवर नोटरीसमोर लिहून घेणं. खरेदीखत नाही, सातबाऱ्याला नाव नाही. विकणारा गावातला, ओळखीचा, पळून जाणार नाही, एवढ्या भरवशावर आयुष्याची कमाई दिलेली असते. या लोकांना वेडं समजण्याची एक शहरी सवय आहे, ती मला पटत नाही. ज्याच्या हातात पगाराची स्लिप नाही त्याला बँक दारात उभी करत नाही. २०२२-२३ मध्ये पंतप्रधान आवास योजनेतल्या इथल्या जवळपास ४० हजार घरांच्या निविदांतच गैरप्रकाराचे आरोप झाले आणि मार्च २०२३ मध्ये ईडीने छापे घातले. अशा माणसासमोर मग गुंठेवाल्याच्या हप्त्याखेरीज उरतं काय?

तरी जोखीम जोखीमच. २०२५ च्या जून-जुलैत महापालिकेने मुकुंदवाडी, पैठण रस्ता, पडेगावच्या बाजूला रुंदीकरणासाठी हजारोंनी बांधकामं पाडली. आपलं घर कागदावर कुठे बसतं, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा स्वतःला विचारला.

बहिणींचा कागद आला नाही. विकणारा ‘करून देतो’ म्हणत राहिला. वहिनीने प्लॉटचा विषय बंद केला आणि आम्ही देवळाईच्या फ्लॅटकडे परतलो. तिथे तिचा पहिला प्रश्न मजल्याचा नव्हता, वास्तूचाही नव्हता. ‘पाणी कुठलं?’

सेल्समनने नव्या योजनेची गोष्ट सुरू केली. जायकवाडीतून जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जलवाहिन्यांनी शहर कसंबसं भागवत आलं. नवी वाहिनी २५०० मिलिमीटर व्यासाची आहे. १,६८० कोटींची योजना २,७४० कोटींवर गेली आणि खंडपीठाने तिच्यावर लक्ष ठेवलं. सातारा-देवळाई २०१५ मध्ये महापालिकेत आलं, तरी वर्षानुवर्षं टँकरवरच राहिलं. वहिनीने ऐकून घेतलं आणि खाली जाऊन शेजारच्या राहत्या इमारतीच्या वॉचमनला विचारलं: बोअर किती फूट, मार्चनंतर चालतं का, टँकर दिवसाला किती, पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे? इथे खाली काळा पाषाण. बोअर खोल नेलं म्हणून पाणी लागतंच असं नाही. वॉचमनने सांगितलं, एप्रिलपासून दिवसाला दोन टँकर, वर्गणी वेगळी. तिने तो आकडा मोबाइलमध्ये टिपला आणि बँकेच्या हप्त्यात मिळवला. फ्लॅटची खरी किंमत तिथे ठरली.

पुढचं भराभर झालं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर घालून मंजूर नकाशा आणि ताबा देण्याची तारीख पाहिली. सेल्समन ‘सुपर बिल्टअप’ म्हणत होता, वहिनी प्रत्येक वेळी ‘कार्पेट सांगा’ म्हणत होती. बिल्डरने बुकिंगला वीस टक्के मागितले. करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, हे तिनेच त्याला ऐकवलं. किंमत ३८ लाख, म्हणजे पंचेचाळीस लाखांच्या आत, त्यामुळे जीएसटी एक टक्का. नोंदणी फी तीस हजारांवर जात नाही. मुद्रांक शुल्कात बाईला एक टक्का सवलत आहे, पण खरेदीदार म्हणून फक्त बाईचंच नाव असेल तर. अडतीस हजार रुपये वाचत होते. मावसभाऊ थोडा घुटमळला, मग म्हणाला, ‘हप्ता तर माझ्याच खात्यातून जाणार.’ वहिनी म्हणाली, ‘मग तुम्हाला काढून थोडंच देणार आहे?’

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात टोकन घेऊन बसलो. सर्व्हर मधेच बसला तेव्हा ओळखीसाठी आणलेले दोघे साक्षीदार चहाला गेले, आणि सर्व्हर उठला तेव्हा ते सापडेनात. शेवटी कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठा, सही. वहिनीचा अंगठा दोनदा उमटेना. खडू धरून रेघा पुसल्या आहेत, असं ती ऑपरेटरला म्हणाली. तिसऱ्यांदा उमटला.

बाहेर पडताना त्या जुन्या एजंटचा फोन आला. पडेगावच्या गुंठेवारीतला प्लॉट मावसभावाने अजून घ्यावा, हप्ता कमी करतो, असं तो म्हणत होता. नको म्हटल्यावर चिडला नाही. शेजारचे चार प्लॉट त्याच आठवड्यात बाँडवर गेले होते. घेणाऱ्यांपैकी एकाने सातबारा मागितलाच नाही, एवढंच विचारलं की वीजमीटर मिळेल का. मीटर मिळतं, एजंट म्हणाला, आणि मीटरचं बिल आलं की पुढच्या वेळी तारीख वाढेल तेव्हा पुरावा म्हणून तेच लावायचं.