परतीचा कागद

आमच्या जामच्या चौकात ज्याला रात्री-बेरात्री जागावे लागते, त्याला रुग्णवाहिका ओळखता येऊ लागतात. नागपूरहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. पूर्वी सात नंबरचा आणि आता ४४ नंबरचा म्हणून ओळखला जाणारा हा महामार्ग थेट कन्याकुमारीला जाऊन मिळतो. त्यामुळे साऱ्या देशाची सुखदुःखे आमच्या चहाच्या टपरीसमोरून जातात.

काही रुग्णवाहिका भोंगा वाजवीत नागपूरकडे सुसाट निघालेल्या असतात. त्यांना घाई असते. पण काही गाड्या दक्षिणेकडून येतात, परराज्याच्या नंबरच्या, भोंगा बंद ठेवलेल्या. ड्रायव्हर उतरून चहा मागतो आणि आर्वीचा नाहीतर काटोलचा रस्ता विचारतो. मागे झोपलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचे नसते, घरी न्यायचे असते. पहिली गाडी वाचवायला निघालेली, दुसरी परत आणायला. या दुसऱ्या गाडीचा खर्च कोण देतो, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला नव्हता. आमच्या भाऊजींना परत आणायची वेळ आली, तेव्हा तो पडला.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर कपाशी आणि तूर पिकवलेला माणूस. त्यांचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने आईवडिलांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतले. व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांत प्रवास विम्याचाही एक कागद होता. युरोपातील शेंगेन देशांत जायचे तर किमान ३० हजार युरोंचे संरक्षण असलेला विमा लागतो. २००४ पासून हा नियम आहे, आणि २००९ च्या व्हिसा संहितेच्या १५ व्या कलमात तो स्पष्ट लिहिला आहे. तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च, वैद्यकीय कारणाने मायदेशी परत पाठवणे आणि मृत्यू, एवढे सारे त्यात यावे लागते. आम्ही तो कागद व्हिसासाठी घेतला, व्हिसा मिळाल्यावर फायलीत ठेवला आणि विसरून गेलो. आम्हा सर्वांच्या लेखी तो फोटो आणि झेरॉक्ससारखाच अर्जाला जोडायचा एक कागद होता.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी भाऊजी उठले ते उजवा हात लुळा पडून. बोलणेही अडखळू लागले. रुग्णालय चांगले होते, उपचार वेळेवर झाले, जीव वाचला. तिथले बिल विमा कंपनीने परस्पर भागवले, हेही कबूल केले पाहिजे. पण पुढचे दिवस कठीण गेले. अर्धांगवायूच्या रुग्णाकडून बोलण्याचा सराव करून घ्यावा लागतो. तो जर्मनीत कसा व्हायचा? नर्सबाई प्रेमळ होत्या, पण त्यांच्या हातातल्या चित्रांवरचे शब्द भाऊजींनी जन्मात ऐकलेले नव्हते. भाच्याने फोन कानाला लावला की त्यांच्या तोंडून तुटक एवढेच यायचे, "मले घरी न्या... जामले."

इकडे ताईचा धीर सुटत चालला होता. भाच्याची रजा संपत आली होती. विमा कंपनीच्या मदत केंद्रातील डॉक्टर रुग्णालयाच्या डॉक्टरांशी बोलून सांगत होते, आणखी दहा दिवस थांबा, मग आम्ही व्यवस्था करू. मला तो वेळकाढूपणा वाटला. मी चाळीस वर्षे मुलांना धडे शिकवलेला मास्तर. फोनवर भाच्याला म्हणालो, "तू तिकिटं काढ. पैसे मागाहून मागू." त्याने ऐकले. आठवडाभरातच स्ट्रेचर, सोबतीला परिचारिका आणि विमानाची जागा, सारे स्वतः ठरवून त्याने वडिलांना मुंबईला आणले. त्या खर्चाची मागणी विमा कंपनीने नाकारली. कारण दोन ओळींचे होते: परत आणण्याची व्यवस्था आमच्या मदत केंद्रामार्फत आणि आमच्या पूर्वसंमतीने झालेली नाही.

मी संतापलो. मग पहिल्यांदाच तो कागद चष्मा लावून वाचला. अट तिथे होती, बारीक अक्षरांत. अशा वेळी विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, हे मला ठाऊक झाले होते. पण कागद आमच्याच विरुद्ध बोलत होता, तेव्हा तक्रार तरी कशाची करायची? भाच्याने कर्ज काढले होते, ते तो अजून फेडतो आहे. मला तो एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच अधिक लागते.

त्यानंतर मी या विषयाची जी माहिती मिळवली, ती आपल्यासारख्या घरांपर्यंत जावी म्हणून हा लेखनप्रपंच. पहिली गोष्ट अशी, की अशा विम्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. माणूस जिथे आजारी पडला तिथून त्याला जवळच्या योग्य रुग्णालयात हलवणे, ही एक. प्रकृती स्थिर झाल्यावर त्याला मायदेशी आणणे, ही दुसरी. आणि दुर्दैवाने मृत्यू ओढवला तर पार्थिव आणणे, ही तिसरी. तिन्हींच्या अटी आणि रकमेच्या मर्यादा वेगवेगळ्या असू शकतात.

दुसरी गोष्ट, परत कधी आणायचे हे कुटुंब ठरवत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि कंपनीचे डॉक्टर मिळून ठरवतात. त्यामागे निव्वळ हिशेब असतो असे नाही. विमान उंचावर गेले की आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा कमी होतो. प्राणवायू विरळ होतो, आणि शरीरात कुठे कोंडलेली हवा असेल तर ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते. नुकतीच मेंदूची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला ते घातक ठरू शकते. म्हणूनच विमान कंपनी डॉक्टरांनी भरलेला फॉर्म मागते. झोपून येणाऱ्या रुग्णासाठी साध्या वर्गातली सहा किंवा त्याहून अधिक आसने मुडपून वर स्ट्रेचर बसवतात, आणि त्या साऱ्या आसनांचे भाडे द्यावे लागते. स्वतंत्र हवाई रुग्णवाहिकेचा खर्च तर लांबच्या देशातून कोटीच्या घरात जाऊ शकतो. ज्या दहा दिवसांना मी वेळकाढूपणा म्हणालो, ते भाऊजींच्या मेंदूसाठी मागितलेले असतील, हे मला फार उशिरा उमगले. वाटेत काही झाले नाही, हे आमचे नशीब.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या आडगावच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी. बऱ्याच कागदांवर 'घर' म्हणजे देश असतो. विमान मुंबईला उतरले की कागदाच्या दृष्टीने माणूस घरी पोचला. पण भाऊजींचे घर तिथून आठशे किलोमीटर दूर होते. तेवढा प्रवास त्यांनी रुग्णवाहिकेत पडून केला, आधी सेवाग्रामच्या रुग्णालयापर्यंत आणि नंतर जामपर्यंत. विमानतळापासून दारापर्यंतचा प्रवास विम्यात धरला आहे का, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचणार नाही. आपल्याला सुचला पाहिजे.

आणि परदेशाचीच गोष्ट कशाला? रामेश्वरला, पुरीला, चारधामला आपल्या तालुक्यातून बसगाड्या भरून जातात. घरात आरोग्य विमा असला तरी त्यातली रुग्णवाहिकेची रक्कम बहुधा थोडकी असते, आणि ती रुग्णालयात पोचवण्यासाठी असते, घरी आणण्यासाठी नव्हे. रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना अलीकडे पन्नास पैशांहूनही कमी दरात विमा मिळतो. रेल्वे अपघातात मृत्यू आला तर त्यात १० लाख रुपये आहेत, पार्थिव आणायला १० हजार आहेत. पण तो अपघाताचा विमा. गाडीत छातीत दुखू लागले तर त्याचा उपयोग नाही. आपल्या राज्यात २०१४ पासून धावणारी १०८ ची रुग्णवाहिका मोठाच आधार आहे, पण तिचे काम जवळच्या योग्य रुग्णालयाशी संपते. प्रवासाचा विमा देशातल्या देशातही घेता येतो, हे यात्रेकरूंना सहसा कुणी सांगत नाही.

तसे पाहिले तर विमा ही कल्पना आपल्या जिल्ह्याला परकी नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा विमा चालवला होता. सुगीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, आणि आजारपणात गावाला उपचार मिळायचे. तेव्हा कुणाला अट वाचावी लागली नाही, कारण सारा व्यवहार डोळ्यांसमोर होता. आता माणसे सात समुद्रांपार जातात आणि विमा कागदावर उतरला आहे. तेव्हा कागद वाचणे आलेच.

माझ्या अनुभवातून निघालेल्या सूचना थोड्याच आहेत. रक्तदाब, मधुमेह, जुने हृदयविकार लपवू नका. आधीच्या आजारांना काय लागू आहे ते लेखी विचारा. मदत केंद्राचा फोन नंबर जाणाऱ्याच्या खिशात, मुलाच्या मोबाईलमध्ये आणि इथे घरच्या भिंतीवर, तिन्हीकडे असू द्या. आजारपण आले की पहिला फोन तिथे करा. आणि त्यांच्या लेखी होकाराशिवाय परतीचे तिकीट काढू नका, मग फोनवरून कुणी मास्तर काहीही सांगो.

भाऊजी आता काठीने चालतात. बोलणे पुष्कळ सुधारले आहे. ते सुधारले शेजारपाजाऱ्यांशी बोलून, हे मात्र खरे. लवकर आणले ते चुकले की बरे झाले, याचा उलगडा मला अजून होत नाही. ताईला विचारले तर ती म्हणते, "आले ना घरी, बस." संध्याकाळी ते ओट्यावर बसतात. मागच्या महिन्यात शेजारचे जोडपे मुलीकडे दुबईला निघाले, तर निरोप घ्यायला आलेल्यांत भाऊजींनीच त्यांना थांबवून घेतले आणि एकेक शब्द जुळवत विचारले, "परतीचा... कागद... वाचला का?"