कोट्यवधी ओळींत एका शब्दाचा शोध

मार्च २००२ मध्ये संगणकतज्ज्ञांपुढे एक चमत्कारिक प्रश्न उभा राहिला. 'झेडलिब' नावाच्या एका छोट्या आज्ञावलीत दोष सापडला होता. माहिती दाबून तिचे आकारमान कमी करणे व ती पुन्हा उलगडणे, हे झेडलिबचे काम. झाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर या दोघांनी ती लिहिली व १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. दोष असा होता, की काम संपल्यावर संगणकाच्या स्मृतीतील जी जागा एकदाच परत करायची, ती विशिष्ट परिस्थितीत दोनदा परत केली जाई. कोणी मुद्दाम बिघडवलेली फाइल दिली, तर आज्ञावली कोसळे. संगणकाचा ताबा परक्याच्या हाती जाण्याचीही भीती होती.

दोष दुरुस्त करणे अवघड नव्हते. सुधारलेली आवृत्ती लगेच निघाली. खरी अडचण पुढेच होती. झेडलिब इतकी उपयुक्त, की अनेकांनी तिच्या ओळी उचलून आपापल्या आज्ञावलीत बसवल्या होत्या. फळ्यावरची चूक गुरुजींनी सुधारली, तरी मुलांच्या वह्यांत उतरलेली चूक आपोआप सुधारत नाही, तसेच हे! लिनक्सच्या गाभ्यातसुद्धा झेडलिबची एक नक्कल होती. अशा नकला आणखी कुठे कुठे आहेत, हे कसे कळणार?

उघडी संहिता

संगणकाची आज्ञावली माणूस ज्या ओळींत लिहितो, त्या ओळींना 'सोर्स कोड' किंवा मूळ संहिता म्हणतात. पुष्कळ कंपन्या ही संहिता गुप्त ठेवतात. परंतु 'मुक्त स्रोत' पद्धतीत ती कोणालाही वाचता येते, बदलता येते व दुसऱ्या कामासाठी वापरता येते. लिनक्स हे याचे प्रसिद्ध उदाहरण. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याची सुरुवात केली. आज लिनक्सच्या गाभ्याच्या संहितेत ३ कोटींहून अधिक ओळी आहेत. दर सेकंदाला एक ओळ या वेगाने, अहोरात्र न थांबता वाचले, तरी ३ कोटी ओळींना ३४७ दिवस लागतील!

म्हणजे संहिता उघडी असली, तरी तिच्यात हवे ते सापडले नाही तर उघडेपणाचा उपयोग काय? कुलूप नसलेल्या, पण पुस्तकांचा नुसता ढीग पडलेल्या ग्रंथालयासारखीच तिची स्थिती होईल.

ग्रेपचा जन्म

शोधण्याचे पहिले साधे हत्यार अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाले. तेथील ली मॅकमहन यांना 'फेडरलिस्ट' या अठराव्या शतकातील निबंधांचा अभ्यास करायचा होता. काही निबंध नेमके कोणी लिहिले, याचा माग भाषेवरून काढायचा होता. पण 'एड' या त्या वेळच्या संपादन-आज्ञावलीत एवढा मजकूर मावेना. तेव्हा केन थॉम्सन यांनी तिच्यातील शोधण्याचा भाग वेगळा काढून स्वतंत्र आज्ञावली केली. तिचे नाव 'ग्रेप'. सबंध फाइलभर अमुक नमुना शोध आणि ती ओळ छाप, या अर्थाच्या एडमधील आज्ञेतील अक्षरांवरूनच हे नाव पडले. १९७३ पासून युनिक्स प्रणालीत आलेली ग्रेप आजही रोज वापरली जाते.

ग्रेपची शक्ती अशी, की तिला नेमका शब्दच द्यावा लागतो असे नाही. 'आधी क, मग कितीही अंक, मग कंस' असा नमुना दिला तरी चालतो. तिची मर्यादा मात्र उघड आहे. दर वेळी ती सगळा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. एका फाइलीसाठी हे ठीक, पण हजारो प्रकल्पांसाठी प्रत्येक प्रश्नाला असे वाचन परवडणार नाही.

तीन अक्षरांची युक्ती

जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, ती तुम्ही पाहिली असेल. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, हे तिच्यावरून चटकन कळते. तशीच सूची येथे का करू नये? मार्गदर्शक टिपणांसाठी ती करतातही, कारण टिपणे साध्या भाषेत असतात. संहितेची गोष्ट निराळी. तेथे कंस, अर्धविराम, बेरजेचे चिन्ह, सगळ्यालाच अर्थ असतो. शिवाय शब्दाचा मधलाच तुकडा शोधायची वेळ येते. म्हणून शब्दांऐवजी लागोपाठच्या तीन-तीन अक्षरांची सूची करतात. या तीन अक्षरांच्या गटाला आपण त्रिकुट म्हणू.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्याजवळ चार फाइली आहेत :

१. सुताराने करवत उचलली.
२. करवली मिरवत निघाली.
३. घोडा मिरवत निघाला.
४. नदीला पूर आला.

आपल्याला 'करवत' शोधायचे आहे. त्यातील त्रिकुटे दोन : 'करव' आणि 'रवत'. सूची सांगते, की 'करव' १ व २ मध्ये आहे; 'रवत' १, २ व ३ मध्ये आहे. दोन्हींत समान फाइली १ व २. चौथी आणि तिसरी न उघडताच बाद झाल्या! आता उरलेल्या दोनच फाइली नीट वाचायच्या. दुसरीत दोन्ही त्रिकुटे आहेत, पण 'करवत' नाही. म्हणून ती गळते आणि उत्तर मिळते : पहिली फाइल. सूची संशयितांची संख्या कमी करते, अंतिम निवाडा मात्र प्रत्यक्ष वाचूनच होतो.

इंग्रजी कळफलकावरील अक्षरे, अंक, चिन्हे व कोरी जागा मिळून ९५ खुणा होतात. त्यांची शक्य त्रिकुटे ९५ × ९५ × ९५, म्हणजे ८,५७,३७५. संगणकाला एवढी सूची सांभाळणे मुळीच जड नाही.

एका विद्यार्थ्याचे काम

ही युक्ती वापरून रस कॉक्स यांनी २००६ च्या उन्हाळ्यात, गूगलमध्ये उमेदवारी करीत असताना, संहिता शोधण्याची सोय उभी केली. ती ऑक्टोबर २००६ मध्ये सर्वांसाठी सुरू झाली व जानेवारी २०१२ मध्ये बंद पडली. परंतु त्याच महिन्यात कॉक्स यांनी तिची कार्यपद्धती सविस्तर लिहून प्रसिद्ध केली आणि सोबत नमुन्याची छोटी आज्ञावलीही खुली केली. तिच्या आधारे मिखाएल श्टापेलबर्ग या जर्मन विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधासाठी 'डेबियन कोड सर्च' तयार केले. डेबियन ही १९९३ पासून चालत आलेली मुक्त प्रणाली आहे. तिच्यातील हजारो आज्ञावल्यांची संहिता आता एका प्रश्नासरशी धुंडाळता येते. सोय बंद पडली, पण ज्ञान उघडे होते म्हणून ते पुढे चालले.

शोध कुठे अडतो?

आता झेडलिबकडे परत येऊ. तिच्या संहितेत अंकांची काही ठरावीक कोष्टके आहेत. नक्कल करणारा ती सहसा बदलत नाही. म्हणून ही कोष्टके हुडकणारी एक आज्ञावली त्या वेळी लिहिली गेली. यंत्रभाषेत रूपांतर झालेल्या फाइलींतही ती नकला ओळखू शके.

पण अशी ठळक खूण नेहमीच हाती लागत नाही. कोणी नक्कल करताना नावे बदलली, ओळींचा क्रम फिरवला, तर अक्षरांवरून घेतलेला शोध फसतो. दुसऱ्याची संहिता घेताना ती कोठून घेतली, हे टिपणात स्वच्छ लिहून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे. ती केवळ सभ्यता नव्हे. पुढे दोष निघाला, तर आपल्यापर्यंत पोहोचण्याची ती वाट असते.

करून पाहा

पाठ्यपुस्तकातील दहा ओळी घ्या. त्यांना क्रमांक द्या. चौघांनी मिळून त्यांतील त्रिकुटांची सूची करा. मग पाचव्याने एखादा शब्द विचारावा. किती ओळी न वाचताच बाद झाल्या, ते मोजा. आणि एक प्रश्न : शब्द दोनच अक्षरांचा असेल, तर ही सूची कशी वापराल?