मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्याचे पोट

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दातून फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ निघतात, आणि हा घोळ निस्तरण्यात तिकडच्या मंडळींची चाळीस वर्षे गेली. आपली भाषा या बाबतीत सुदैवी. तेव्हा आरंभीच सांगून ठेवतो, की मुक्त सॉफ्टवेअर विकण्यास कोणतीही बंदी नाही. ते हवे तसे चालवावे, त्याची मूळ संहिता म्हणजे सोर्स कोड वाचून त्यात बदल करावा, प्रती दुसऱ्यास द्याव्या आणि बदललेल्या प्रतीही द्याव्या, एवढी मोकळीक घेणाऱ्याला असली म्हणजे झाले. किंमत किती लावावी याविषयी त्यात चकार शब्द नाही. प्रश्न असा, की लावलेली किंमत पदरात पडते काय आणि तिच्यावर घर चालते काय. कामगार चळवळीतल्या माणसाने यात डोके घालावे याचे काहींना नवल वाटेल. पण जेथे मजुरीचा प्रश्न तेथे आमचा विषय, अशी आमची समजूत आहे.

पहिला दाखला या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांचाच घेऊ. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतली नोकरी सोडली. पुढच्या वर्षी त्यांच्या ईमॅक्स या संपादन-प्रोग्रॅमला मागणी येऊ लागली. ज्यांना नेटवर्क उपलब्ध होते ते तेथून तो फुकट उतरवून घेत. इतरांना स्टॉलमन १५० डॉलर घेऊन टेप टपालाने पाठवीत. म्हणजे प्रोग्रॅम तोच. पैसे मिळत ते गिऱ्हाइकाची अडचण दूर केल्याचे. पुढे इंटरनेट घरोघर पोचले तशी ती अडचण सरली, आणि अडचणीबरोबर गिऱ्हाईकही.

असे का होते हे पाहण्यासाठी आपल्या विडी कामगाराकडे पाहावे. त्याला मजुरी मिळते हजार विड्यांमागे. दुसरा हजार वळायचा तर तेवढीच पाने, तेवढीच तंबाखू आणि तेवढाच वेळ पुन्हा लागतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. पहिल्या प्रतीत माणसांची वर्षे जातात, दुसरीत काहीच जात नाही. बंद सॉफ्टवेअरचा मालक परवान्याचे कुलूप घालून प्रत्येक प्रतीमागे दर वसूल करतो. मुक्तवाल्याने ते कुलूप आपण होऊन काढलेले असते. आज माल घेणारा उद्या शेजारीच दुकान मांडून निम्म्या भावात तोच माल विकू शकतो, आणि ते पूर्ण कायदेशीर असते.

हे नुसते तर्काने सांगत नाही. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत लिनक्स खोक्यात घालून दुकानांतून विकले जाई. रेड हॅट कंपनीचे खोके ५० डॉलरच्या आसपास पडे, आणि चीपबाइट्स नावाचा विक्रेता त्याच मालाची सीडी दोनेक डॉलरला देई. तरीही कित्येक लोक खोके घेत. त्यांना छापील पुस्तक हवे असे, मदत हवी असे, आणि नावाचा भरवसाही हवा असे. पण एवढ्यावर भागले नाही. जानेवारी २००३ मध्ये फ्रान्समधील मांड्रेकसॉफ्ट ही तसलीच कंपनी दिवाळखोरीपासून संरक्षण मागत न्यायालयात गेली. त्याच वर्षी रेड हॅटने दुकानी लिनक्स बंद करून कंपन्यांना वार्षिक वर्गणीवर सेवा देण्याचा मार्ग पुरता धरला. पुढे २०१९ मध्ये आयबीएमने तिला सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून विकत घेतले. पैसा ठोक बाजारात निघाला तो असा. बँकेचा संगणक तासभर बंद पडला तर नुकसान मोठे, म्हणून बँक मदतीचे पैसे आगाऊ भरते. घरगुती गिऱ्हाईक शेजारच्या मुलाला हाक मारते. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बहुतेक जण आज कोणत्या ना कोणत्या कंपनीचे पगारदार आहेत. त्यात गैर काही नाही. मात्र कोणते काम आधी व्हायचे हे मग पगार देणारा ठरवतो, हे विसरू नये.

ज्याला दुकानच नाही त्याची स्थिती याहून वाईट. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा जगाला कळले की या कामावर पूर्ण वेळ एकच माणूस आहे आणि देणग्या येतात वर्षाला २००० डॉलरच्या आसपास. असले सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसतच नाही. किरकोळ बाजारात ते कोण मागणार?

याउलट जे हातात धरून वापरले जाते त्याला थोडी जागा आहे. क्रिता हा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम त्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, आणि तोच स्टीम व मायक्रोसॉफ्टच्या दुकानात पैसे देऊन मिळतो. लोक विकत घेतात. त्या पैशातून आणि देणग्यांतून काही प्रोग्रॅमरांचे पगार निघतात. ध्वनिमुद्रणाच्या आर्डर या प्रोग्रॅमची संहिता सर्वांना खुली आहे, परंतु तयार बांधलेला प्रोग्रॅम हवा तर पैसे किंवा वर्गणी भरावी लागते. स्वतः बांधून घेण्यात जी खटपट आहे, तिची ही किंमत. आमच्या मते किरकोळीचे उत्तर इतकेच निघते: मूठभर माणसांचा चरितार्थ, तोही प्रोग्रॅम रोजच्या वापरातला असेल आणि गिऱ्हाइकाला करणाऱ्याविषयी आस्था असेल तर.

शिवाय हे दुकान स्वतःचे नव्हे. स्टीमसारखा दुकानदार १०० रुपयांमागे साधारण ३० आपल्याकडे ठेवतो, आणि अटीही त्याच्याच. जानेवारी २०११ मध्ये व्हीएलसी हा चित्रफिती पाहण्याचा प्रोग्रॅम ॲपलच्या दुकानातून काढला गेला. तो तेथे फुकटच मिळत असे. पण दुकानाच्या अटी आणि मुक्त परवान्याच्या अटी जुळत नाहीत, अशी तक्रार तो घडवणाऱ्यांपैकीच एकाने केली होती. २०१३ मध्ये तो परत आला. मधल्या काळात त्याच्या गाभ्याचा परवाना बदलण्यात आला, आणि त्यासाठी ज्यांनी ज्यांनी त्यात काम केले होते त्यांना एकेकाला शोधून त्यांची संमती घ्यावी लागली.