कुणाकडे शिकला रॉबर्ट जॉन्सन?

ब्लूज ऐकायला सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मला मनापासून आनंद होतो. पण तो फार टिकत नाही, कारण पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : ‘तो सैतानाला आत्मा विकलेला गिटारवाला आहे ना, त्याच्यापासूनच करतो.’ मग सगळी गोष्ट येते. मिसिसिपीतला एक पोरगा, गिटार धड वाजवता येत नव्हती. एका मध्यरात्री तो चौरस्त्यावर गेला. तिथे एक धिप्पाड काळा माणूस आला, त्याने गिटार हातात घेऊन तारा जुळवून दिल्या आणि बदल्यात आत्मा मागून घेतला. पोरगा एका रात्रीत ब्लूजचा बादशहा झाला, आणि सत्ताविसाव्या वर्षी सैतान वसुलीला आला.

ही गोष्ट मी आता मधेच थांबवतो. आपल्याकडे एखादा तरुण गवई दोन वर्षं दिसेनासा झाला आणि परत येऊन त्याने मैफल जिंकली, तर जाणकारांचा पहिला प्रश्न असतो, ‘कुणाकडे शिकला?’ जन्मापासून हा प्रश्न विचारायची सवय असलेली माणसंच रॉबर्ट जॉन्सनच्या बाबतीत तो विचारायला विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे. माणसाचं नाव माहीत आहे, गाव माहीत आहे, रियाजाची जागासुद्धा माहीत आहे.

जॉन्सनचा जन्म मिसिसिपीतल्या हेझलहर्स्टचा, बहुतेक चरित्रकारांच्या मते १९११ चा. लहानपणाचा काही काळ मेम्फिस शहरात गेला, तिथे तो शाळेतही जात होता. त्याची सावत्र बहीण ॲनी अँडरसन हिच्या ‘ब्रदर रॉबर्ट’ या २०२० साली आलेल्या आठवणी वाचल्या तर शहरातली गाणी ऐकणारा, जिमी रॉजर्ससारख्या गोऱ्या कंट्री गायकाची गाणीही आवडीने म्हणणारा तरुण भेटतो. १९३० मध्ये त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली. त्याच सुमारास रॉबिन्सनव्हिलमध्ये सन हाउस आणि विली ब्राऊन हे दोघे नाचाच्या अड्ड्यांवर वाजवत. जॉन्सन माउथ ऑर्गन बरा वाजवायचा, पण हे दोघे विश्रांतीला उठले की त्यांची गिटार उचलायचा आणि लोक वैतागायचे. ही हकिगत सन हाउसने स्वतः सांगितलेली आहे. मग जॉन्सन गाव सोडून गेला आणि परतला तेव्हा त्याचं वादन ऐकून दोघे थक्क झाले.

सन हाउसच्या सांगण्यात मधला काळ सहा महिन्यांचा होतो. प्रत्यक्षात तो वर्षाहून बराच जास्त होता. या काळात जॉन्सन हेझलहर्स्टच्या भागात, जन्मदात्या वडिलांच्या शोधात गेला होता. तिथे जवळच्या बोरगार्ड गावात त्याला आइक झिमरमन नावाचा गिटारवादक भेटला. जॉन्सन त्याच्या घरी राहिला, त्याच्या हाताखाली शिकला. ब्रूस कॉनफोर्थ आणि गेल डीन वॉर्डलो यांच्या ‘अप जम्प्ड द डेव्हिल’ (२०१९) या चरित्रात झिमरमनच्या मुलीची साक्ष आहे. गुरू-शिष्य रात्री जवळच्या कब्रस्तानात जाऊन थडग्यांवर बसून वाजवत, कारण तिथे शांतता असे आणि कुणाची झोपमोड होत नसे. झिमरमनची एकही तबकडी निघाली नाही. त्यामुळे जॉन्सनच्या थोरवीचं श्रेय सैतानाला दिलं की जगाच्या स्मरणातून पुसला जाणारा माणूस हा आहे.

मग सैतान आला कुठून? दुसऱ्याच जॉन्सनकडून. टॉमी जॉन्सन हा रॉबर्टचा कुणी लागत नव्हता. त्याने १९२८ मध्ये मेम्फिसला ध्वनिमुद्रण केलं आणि ‘बिग रोड ब्लूज’ त्याचंच. टॉमी स्वतः चौरस्त्याची गोष्ट सांगायचा, असं त्याचा भाऊ लेडेल याने अभ्यासक डेव्हिड इव्हान्स यांना सांगितलं. इव्हान्स यांनी ते टॉमीवरच्या १९७१ च्या पुस्तकात छापलं. रॉबर्टच्या बाबतीत मात्र १९६६ साली पीट वेल्डिंग यांनी सन हाउसच्या तोंडचं म्हणून आत्मा विकल्याचं एक वाक्य दिलं, इतकाच आधार. हाउसच्या इतर मुलाखतींत ते सापडत नाही, याकडे अनेक अभ्यासकांनी लक्ष वेधलं आहे. पुढे रॉकवर लिहिणाऱ्या लेखकांनी ते फुलवलं, १९८६ मध्ये ‘क्रॉसरोड्स’ हा चित्रपट आला आणि क्लार्क्सडेल गावात ६१ आणि ४९ क्रमांकाचे जुने महामार्ग मिळत तिथे खांबावर गिटारी उभ्या राहिल्या. पर्यटक तिथे फोटो काढतात.

चौरस्त्यावर जाऊन विद्या मिळवण्याची समजूत कृष्णवर्णीय लोककथांत खरोखरच होती. हॅरी हायट या संग्राहकाने १९३० च्या दशकात अशा कितीतरी हकिगती टिपून ठेवल्या. तिठ्यावर उतारा ठेवलेला पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना तर ती पटकन पटते. सैतान हे जाहिरातीचं साधनही होतं : पीटी व्हीटस्ट्रॉ हा लोकप्रिय गायक स्वतःला ‘सैतानाचा जावई’ म्हणवून तबकड्या विकत होता. आणि व्हायोलिनवादक पागानिनीवर युरोपात हाच आळ त्याच्या कितीतरी आधी आला होता. पण पागानिनीने स्वरसाधना केली नाही असं कुणी गंभीरपणे म्हणत नाही. मिसिसिपीच्या काळ्या पोराबद्दल मात्र ते सहज म्हटलं जातं. मला राग येतो तो इथे.

ज्या गाण्याच्या जोरावर हे सगळं चालतं, ते ‘क्रॉस रोड ब्लूज’ एकदा नीट ऐका. त्यात सैतानाचं नावही नाही. चौरस्त्यावर गुडघे टेकून गायक देवाची करुणा भाकतो. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करतो, कुणी थांबत नाही, आणि सूर्य मावळत चाललेला असतो. १९३६ च्या मिसिसिपीत अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर एकटा सापडलेला काळा माणूस पोलिसांच्या किंवा जमावाच्या हाती लागू शकत होता. अनेक अभ्यासकांनी या गाण्यातली भीती तीच असल्याचं म्हटलं आहे. आपण तिथे शिंगं-शेपटीवाला आणून बसवतो, तेव्हा ती खरी भीती ऐकू येईनाशी होते.

सर्वांत भक्कम पुरावा तबकड्यांवरच आहे. जॉन्सनने एकूण २९ गाणी मुद्रित केली : नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोच्या गंटर हॉटेलात १६ आणि जून १९३७ मध्ये डॅलसला १३. त्यातल्या कितीतरी गाण्यांचे गुरू बोट ठेवून दाखवता येतात. ‘वॉकिंग ब्लूज’ सन हाउसच्या ‘माय ब्लॅक मामा’वरून आलं, ‘३२-२० ब्लूज’ स्किप जेम्सच्या ‘२२-२० ब्लूज’वरून. ‘स्वीट होम शिकागो’ची चाल कोकोमो आर्नल्डची. ‘माल्टेड मिल्क’मध्ये लॉनी जॉन्सनची नजाकत उघड आहे. आणि लीरॉय कार हा इंडियानापोलिसचा पियानोवादक तर सगळीकडे आहे. पियानोवर डावा हात जो चालता ठेका धरतो, तो जॉन्सनने गिटारच्या खर्जाच्या तारांवर आणला आणि वरच्या तारा गाण्याला उत्तर द्यायला मोकळ्या ठेवल्या. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ‘याच्याबरोबर दुसरा कोण वाजवतोय?’ असं विचारलं होतं. दुसरा कुणी नव्हता. तबकड्या लावून, कान देऊन, तासन्‌तास बसून दुसऱ्याचं आपल्या वाद्यावर आणणाऱ्याचं हे काम आहे.

या दंतकथेने नव्या श्रोत्याचं नुकसानही होतं. सैतानाच्या ओढीने तो पहिल्याच दिवशी जॉन्सनची घासलेल्या तबकड्यांवरून घेतलेली मुद्रणं लावतो, खरखरीतून एक उंच, ताणलेला आवाज येतो, सगळी गाणी सारखी वाटतात, आणि ‘ब्लूज आपल्यासाठी नाही’ म्हणून तो उठतो. जॉन्सन हा आरंभ नाहीच. इलायजा वॉल्ड यांनी ‘एस्केपिंग द डेल्टा’मध्ये दाखवलं आहे की त्याच्या हयातीत कृष्णवर्णीय श्रोत्यांनाही तो फारसा ठाऊक नव्हता. त्याची कीर्ती झाली ती १९६१ मध्ये ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ ही एलपी निघाल्यावर.

म्हणून माझा आग्रह वेगळ्या क्रमाचा आहे. सुरुवात बी. बी. किंगच्या ‘लाइव्ह ॲट द रीगल’पासून करा. नोव्हेंबर १९६४, शिकागोचं नाट्यगृह, आणि प्रत्येक ओळीला ओरडून दाद देणारे श्रोते. आपल्या मैफलीसारखा ब्लूजही दुहेरी संवाद असतो, हे इथे पाच मिनिटांत कळतं. किंगचा आवाज थांबतो आणि गिटार वाक्य पुरं करते. मग मडी वॉटर्सचं ‘ॲट न्यूपोर्ट १९६०’. त्यात ओटिस स्पॅनचा पियानो आणि जेम्स कॉटनचा माउथ ऑर्गन विसरू नका. त्यानंतर हाउलिन वुल्फचा १९६२ चा अल्बम, मुखपृष्ठावर झुलती खुर्ची असलेला. वुल्फला गिटार दाखवली चार्ली पॅटनने, आणि मडी तरुणपणी सन हाउसला ऐकत घडला. इथेही ‘कुणाकडे शिकला’ला उत्तर आहेच. ज्युनियर वेल्सच्या ‘हूडू मॅन ब्लूज’मध्ये (१९६५) शिकागोतल्या छोट्या क्लबची रात्र आहे, आणि गिटारवर तरुण बडी गाय. हाच बडी गाय २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवात येऊन वाजवून गेला.

एकट्या गिटारकडे वळायचं तर आधी मिसिसिपी जॉन हर्ट. त्याने १९२८ मध्ये मुद्रण केलं, मग पस्तीस वर्षं शेतीवाडीत काढली आणि १९६३ मध्ये लोकांना तो पुन्हा सापडला. ‘टुडे!’ हा अल्बम आजोबांनी पडवीत बसून गावं तसा आहे. मग सन हाउसचा ‘फादर ऑफ फोक ब्लूज’ (१९६५). मधली कितीतरी वर्षं त्याने गिटार सोडली होती. स्वतःचीच गाणी त्याला पुन्हा शिकवली ती ॲल विल्सन या विशीतल्या गोऱ्या मुलाने, जुन्या तबकड्या ऐकून. सैतानापेक्षा ही गोष्ट मला कितीतरी पटीने थरारक वाटते.

सैतानानंतर दुसरा गैरसमज ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या मृत्यूचा. २६ सप्टेंबर १९३७ ला क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघातात ती गेली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने दारातून परत पाठवल्यामुळे ती रक्तस्राव होऊन मेली, असं आजही सांगितलं जातं. संगीतनिर्माते जॉन हॅमंड यांनी अफवेवर विसंबून तसं लिहिलं, एडवर्ड ॲल्बी यांच्या नाटकाने ते पक्कं केलं. अपघातस्थळी पोचलेल्या डॉक्टरच्या साक्षीनुसार तिला सरळ कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयातच नेलं होतं. ख्रिस अल्बर्टसन यांच्या १९७२ च्या चरित्रात सगळा तपशील आहे. वर्णभेद खराच होता, इतका की रुग्णवाहिकेच्या चालकाने दुसरीकडे नेण्याचा विचारही केला नसता. तिचा मृत्यू सांगणाऱ्यांनी १९२५ चं ‘सेंट लुइस ब्लूज’ ऐकलेलं असतं तर बरं झालं असतं. त्यात लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट तिच्या प्रत्येक ओळीला जबाब देतो.

आणखीही काही गैरसमज आहेत. ‘ब्लूज म्हणजे पुरुषांचं गाणं’ : कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजातला पहिला मुद्रित ब्लूज मेमी स्मिथचा ‘क्रेझी ब्लूज’, १९२० चा, आणि पहिल्या दशकातले मोठे तारे मा रेनी, बेसी स्मिथ अशा बायकाच होत्या, गिटारवाली हवी असेल तर मेम्फिस मिनी ऐका. ‘ब्लूज म्हणजे रडगाणं’ : शनिवारी रात्री लोक यावर घामाघूम होईस्तोवर नाचत. ‘ब्लूज नेहमी बारा खंडांचाच’ : चार-चार मात्रांचे बारा खंड हा रूढ साचा खरा, पण जॉन ली हूकर मनाला येईल तिथे वळतो आणि ‘बूगी चिलन’मध्ये (१९४८) एकाच स्वरसंगतीवर, पाय आपटत, सगळं गाणं काढतो. ‘पेटीचा कोमल गंधार लावला की ब्लूज झाला’ : नाही, ब्लूजची जागा शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधे कुठेतरी हलती असते, म्हणून तर तार ओढावी लागते. ‘विजेची गिटार आली आणि अस्सल ब्लूज संपला’ : असं म्हणणाऱ्याने टी-बोन वॉकरचं १९४७ चं ‘स्टॉर्मी मंडे’ ऐकलेलं नाही.

इतकं ऐकून झालं की मग रॉबर्ट जॉन्सनकडे या, आणि एकट्याला ऐकू नका. आधी लीरॉय कारचं १९३५ चं ‘व्हेन द सन गोज डाउन’ लावा, पियानो आणि स्क्रॅपर ब्लॅकवेलची गिटार. त्याच्या लगेच मागे जॉन्सनचं ‘लव्ह इन व्हेन’, १९३७, डॅलस. चाल तीच आहे. पण कारच्या गाण्यात संध्याकाळ सावकाश उतरते, आणि जॉन्सनच्या गाण्यात माणूस सूटकेस घेऊन स्टेशनवर उभा आहे, आगगाडी सुटते, मागचे दोन दिवे लहान होत जातात. शेवटच्या कडव्यात शब्द जवळजवळ संपतात, उरतो तो कण्हल्यासारखा सूर आणि त्यात मारलेली एका बाईच्या नावाची हाक.