जुन्नर-आंबेगावची रुग्णसेवा

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत पश्चिमेला नाणेघाट-भीमाशंकरचा डोंगराळ, प्रामुख्याने महादेव कोळी वस्तीचा मुलूख आहे, तर पूर्वेला कुकडी व घोड नद्यांच्या पाण्यावर बागायती झालेला पट्टा आहे. पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगाव आणि मंचर या बाजारपेठा वाढल्या तसे दवाखानेही तेथेच एकवटले; त्यामुळे त्रिफळा चूर्णात पडणारा हिरडा ज्या डोंगरातून बाजारात येतो, तेथील रुग्णालाही उपचारासाठी त्याच वाटेने खाली उतरावे लागले.

सतराव्या शतकात प्रवासाची दिशा उलटी होती. जुन्नरच्या मोगल सुभेदाराने आपल्या कुटुंबातील स्त्रियांच्या उपचारासाठी १६७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर याला मुंबईहून बोलावले आणि तो कल्याणमार्गे घाट चढून आला. पडद्याआडून पुढे केलेल्या हाताची नाडी त्याने पाहिली, तेव्हा परीक्षेसाठी आधी एका निरोगी दासीचा हात पुढे करण्यात आला होता, असे त्याच्या १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तावरून कळते. वैद्याला घरी आणण्याची ही सोय अर्थातच सत्ताधाऱ्यांपुरती होती.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने लोकसंख्येच्या मापाने आरोग्यसेवेची उतरंड रचली. सपाट प्रदेशात तीस हजार, तर आदिवासी व डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखाली उपकेंद्रे आणि वर घोडेगावसारखी ग्रामीण रुग्णालये व मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, अशी ही रचना आहे. २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेले डॉ. मनोहर डोळे यांनी नारायणगावच्या मोहन ठुसे नेत्र रुग्णालयाच्या कामाला गावोगावच्या शिबिरांची जोड दिली. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. हा रुग्ण थांबू शकतो, पण दिसत नसल्याने एकटा प्रवास करू शकत नाही, म्हणून तपासणीच गावात नेणे येथे उपयोगाचे ठरले.

सर्पदंशाचा रुग्ण मात्र थांबू शकत नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले आहे. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ती ओळखण्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त पाण्यासारखे ओघळले तर विष भिनले आहे असे समजून प्रतिविष देतात. या तपासणीला वीज वा यंत्र लागत नाही, त्यामुळे डोंगरातल्या केंद्रातही ती करता येते. मण्यारीचा दंश मात्र पुष्कळदा झोपेत होतो, फारसा दुखत नाही आणि पहाटे पोटात कळ येऊन पापण्या जड होईपर्यंत लक्षातही येत नाही. तोवर रुग्णालय गाठण्याचा मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. भुईवर अंथरूण घालण्याऐवजी खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे, हा साधा सल्ला म्हणूनच या भागात औषधाइतका महत्त्वाचा ठरतो.