जुनी ऐषारामी मोटार : घरची निगा आणि तिच्या मर्यादा

पावसाळा सरत आला म्हणजे पालघर, बोईसर व तारापूर या भागांतील एखाद्या इमारतीच्या आवारांत असा प्रसंग हटकून घडतो. बारा-पंधरा वर्षांपूर्वीं नवी असतांना जिची किंमत एखाद्या घराच्या किंमतीशीं स्पर्धा करीत होती, अशी एक उंच, भारदस्त मोटार दाराशीं उभी असते. रंग अजून तजेलदार आहे, इंजिनाचा आवाजहि खणखणीत आहे. परंतु किल्ली फिरवितांच समोरच्या फलकावर तीन-चार तांबडे-पिवळे दिवे एकदम उजळतात, आणि पायाखालच्या गालिच्यावर हात ठेवला तर तो चिंब ओला लागतो. मालक चकित होतो. गाडी फारशी चाललेली नाहीं, कोठें आपटलेली नाहीं. मग तिला झालें तरी काय? या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां इंजिनांत नसतें. तें छपराच्या कोपऱ्यांतील, करंगळीहि न शिरणाऱ्या एका भोंकांत असतें.

एस्. यू. व्ही. या तीन अक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या या ऐषारामी मोटारींचें कुळ तसें फार जुनें नाहीं. खडबडीत वाटेवर चालण्याचें सामर्थ्य आणि दिवाणखान्याचें सुख यांची सांगड घालणारी रेंज रोव्हर इंग्लंडांत १९७० सालीं बाजारांत आली. पुढें २००८ सालीं टाटा मोटर्सनें जॅग्वार व लँड रोव्हर हीं दोन्ही नांवें विकत घेतलीं, आणि २०११ पासून फ्रीलँडर २ ही मोटार पुण्यांत जोडली जाऊं लागली. त्या सुमारास घेतलेल्या अशा मोटारींपैकीं कित्येक आतां दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातीं गेल्या आहेत. जुन्या बाजारांत त्यांची किंमत झपाट्यानें उतरते; सुट्या भागांची किंमत मात्र त्या मानानें उतरत नाहीं. गाडी मध्यम मोटारीच्या भावांत मिळते, पण तिचा एखादा पंप किंवा दिवा मूळच्या श्रीमंतीच्याच भावांत घ्यावा लागतो. म्हणून अशी मोटार घेणाऱ्यानें घरच्या घरीं दुरुस्ती शिकावी, असा विचार सहज सुचतो. विचार योग्य आहे. मात्र कोणतें काम हातीं घ्यावें आणि कोणत्या कामापासून हात आवरावा, हा विवेक त्याच्या आधीं यावयास हवा.

या किनाऱ्यावर मोटारीचे शत्रु तीन : खारा वारा, मुरणारें पाणी आणि म्हातारें झालेलें रबर. सातपाटी, शिरगांव, केळवें, चिंचणी या बाजूनें येणाऱ्या वाऱ्यांत मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात. मीठ हवेंतील ओल ओढून घेतें आणि लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक अदृश्य पापुद्रा धरून ठेवतें. अशा पाण्यांतून वीज सहज वाहते, म्हणून गोड्या पाण्यापेक्षां खाऱ्या ओलींत गंज फार लवकर चढतो. जेथें पोलादाचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या भागांत बसविलेला असतो, तेथें तर दोन धातु व खारें पाणी मिळून लहानशी बॅटरीच तयार होते, आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपानें झिजूं लागतें.

यावरील उपाय साधा, पण नेमानें करण्याचा आहे. गाडीचें पोट, चाकांवरील कमानी आणि दारांच्या खालच्या कडा पंधरा दिवसांतून एकदां गोड्या पाण्यानें धुवाव्या; गाडी समुद्रकांठच्या वाळूंत गेली असेल तर त्याच दिवशीं धुवावी. घरच्या बोअरचें पाणी मचूळ असेल तर तें मुळींच वापरूं नये. मीठ धुण्यासाठीं मीठच शिंपडल्यासारखें होईल. इंजिनावर व विजेच्या जोडण्यांवर जोराचा झोत मारूं नये. धुऊन झाल्यावर गाडी थोडी चालवून हलके ब्रेक लावावे, म्हणजे ब्रेकच्या तबकड्या कोरड्या होतात. जेथें रंगाचा टवका उडाला असेल तेथें गंज घासून त्याच आठवड्यांत रंगाचा हात द्यावा.

दुसरा शत्रु पाणी. छपराला सरकती कांच असलेल्या मोटारींत कांचेभोंवतालचें रबर सर्व पाणी अडवितें, असा समज आहे. तो खरा नाहीं. थोडें पाणी आंत येणारच, हें गृहीत धरूनच रचना केलेली असते. कांचेखालीं एक पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात, आणि खांबांच्या पोकळींतून उतरून तें पाणी गाडीखालीं सोडतात. या नळींत धूळ, आंब्याचा मोहोर किंवा चिंचेचा बारीक पाला जाऊन बसला कीं पन्हळ भरते, पाणी अस्तरामागून ओघळतें आणि गालिच्याखालीं सांचतें. अशा कित्येक मोटारींत विजेच्या तारांचे जुडगे व नियंत्रणाच्या पेट्या नेमक्या तेथेंच असतात. तांबें हिरवें पडतें, जोडण्या सैल होतात, आणि मग दिवे उजळूं लागतात. कारागीर पेटी बदलण्यास सांगतो. पेटी बदलली तरी नळी तशीच राहिल्यास पुढच्या पावसाळ्यांत नवी पेटीहि भिजते.

म्हणून मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं पन्हळीच्या प्रत्येक कोपऱ्यांत पेलाभर पाणी हळूहळू ओतावें व तें गाडीखालीं ठिबकतें कीं नाहीं हें पहावें. न ठिबकल्यास मासेमारीचा जाड नायलॉनचा दोरा नळींत अलगद सारावा. सातपाटीसारख्या बंदरावर तो सहज मिळतो. लोखंडी तार घालूं नये, नळी फाटते. हवेचा जोराचा झोतहि सोडूं नये, आंतील सांधा निखळतो. समोरच्या कांचेखालचें पाण्याचें तोंड आणि दारांच्या तळाचीं भोंकें यांचीहि अशीच झाडलोट करावी. ओल पावसाळ्यांत न येतां उन्हाळ्यांत येत असेल, तर वातानुकूलन यंत्राची पाणी सोडणारी नळी तपासावी. ओल चिकट व गोडसर वासाची असेल, तर तें पाणी नसून इंजिन थंड ठेवणारें द्रव्य होय.

तिसरा शत्रु रबराचें वार्धक्य. गाडी उभी असली तरी रबर म्हातारें होतच असतें. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असूनहि ज्या टायरच्या कडेला भेगा पडल्या असतील, त्यावर विश्वास ठेवूं नये. कित्येक ऐषारामी मोटारींत स्प्रिंगांच्या जागीं हवेनें भरलेल्या रबरी पिशव्या असतात. सपाट जागेवर रात्रीं गाडी उभी करावी. सकाळीं तिचा एक कोपरा खालीं बसलेला दिसला, तर तेथें हवा गळते असें समजावें. गळती लहान म्हणून दुर्लक्ष केल्यास हवा भरणारा कॉम्प्रेसर वारंवार चालत राहतो आणि शेवटीं जळतो. अशा रीतीनें एका पिशवीचा खर्च वांचवूं पाहणाऱ्यास पिशवी व कॉम्प्रेसर या दोहोंचा खर्च सोसावा लागतो.

दिव्यांचा अर्थ लावण्यापूर्वीं बॅटरी तपासावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची निरोगी बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. दाब अपुरा पडला कीं अनेक नियंत्रक एकदम खोट्या तक्रारी करूं लागतात. बॅटरी काढतांना ऋण टोक प्रथम सोडावें व बसवितांना शेवटीं जोडावें. बिघाडाचे संकेत वाचणारें लहान उपकरण जवळ असणें फार उपयुक्त आहे. अमेरिकेंत १९९६ पासून नव्या मोटारींना त्यासाठीं ठराविक घडणीची जोडणी सक्तीची झाली, आणि तीच पुढें जगभर रूढ झाली. परंतु संकेत तक्रार कोठून आली तें सांगतो, अपराधी कोण तें सांगत नाहीं. इंजिनांत इंधन कमी पडतें असा संकेत आला, तरी मूळ दोष फाटलेल्या रबरी नळींतून शिरणाऱ्या हवेचा असूं शकतो. आधीं डोळ्यांनीं पहावें, मग भाग विकत घ्यावा.

द्रव्यांच्या बाबतींत दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. तापलेल्या इंजिनाच्या पाण्याचें झांकण कधींहि उघडूं नये. दाबाखालीं तें पाणी शंभर अंशांहून अधिक तापलेलें असतें, आणि दाब सुटतांच त्याची वाफ होऊन तोंडावर येते. दुसरें, ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें. डॉट ४ प्रकारचें कोरडें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. घाट उतरतांना तें उकळलें तर पाय दाबूनहि गाडी थांबत नाहीं. म्हणून दमट किनाऱ्यावर तें दर दोन वर्षांनीं बदलून घ्यावें.

‘बदलून घ्यावें’ असें म्हणण्यांत हेतु आहे. ब्रेक उघडणें, एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टणाच्या तारांना हात लावणें, हवेच्या पिशव्या सोडणें, हजार वातावरणांहून अधिक दाब असलेल्या डिझेलच्या नळ्या सैल करणें, हीं कामें घरचीं नव्हेत. त्या नळींतून सुटलेली बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. जॅकचा उपयोग गाडी उचलण्यापुरता. तिला धरून ठेवण्याचें काम त्याचें नव्हे. यांतील कित्येक मोटारींचें वजन दोन टनांहून अधिक असतें, आणि जॅक घसरण्यास एक क्षण पुरतो. भक्कम लोखंडी टेकू दिल्यावांचून कोणीहि गाडीखालीं शिरूं नये. मुलांना तर जवळहि येऊं देऊं नये. रबरी नळी पुन्हां मिळते. माणूस पुन्हां मिळत नाहीं.

भारतांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं तारापूर येथें सुरू झालें, आणि त्याच्या शेजारीं पुढें मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. यंत्र बिघडण्याची वाट न पाहतां तें ठराविक काळानें आपण होऊन थांबवावें, उघडून पहावें आणि पाहिलेलें लिहून ठेवावें, हा अशा सर्व ठिकाणचा नियम आहे. या परिसरांतील अनेक घरांत तो नियम रोज पाळणारें माणूस असतें; फक्त तोच नियम घरच्या मोटारीला लावण्याचें राहून जातें. एक साधी वही करावी. तींत तारीख, धांवलेले किलोमीटर, बदललेला भाग आणि खर्च यांची नोंद ठेवावी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचें नूतनीकरण करतांना गाडीची तपासणी होते आणि तें पांच वर्षांसाठीं मिळतें. त्या वेळीं अशी निगा राखलेली गाडी अडखळत नाहीं. काढलेलें काळें तेल मात्र नाल्यांत ओतूं नये. नाल्याचा शेवट खाडींत होतो. तें अधिकृत संग्राहकाकडेच द्यावें.

आणि वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहावी : ज्येष्ठ लागतांच छपराच्या चारहि कोपऱ्यांत पेला-पेला पाणी ओतून पाहणें. या कामास दहा मिनिटें लागतात, आणि त्यावांचून झालेल्या बिघाडाचें बिल पाहण्यास दिवाळी उजाडते.